बिंबिकांचा आकडा काय सांगतो?
रक्ततपासणीच्या अहवालात आपण प्लेटलेटचा, म्हणजेच बिंबिकांचा, आकडा पाहतो. एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण १.५ ते ४ लाख असतात. जखम झाली की रक्त साकळवणे हे त्यांचे काम.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात काही रुग्णांमध्ये हा आकडा वाढतो. असे का व्हावे? कर्करोगाच्या गाठीतून इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन स्रवू शकते. त्यामुळे यकृत थ्रोम्बोपोएटिन जास्त बनवते आणि अस्थिमज्जेत बिंबिकांची निर्मिती वाढते.

मग या आकड्यावरून रोगनिदान करता येईल का? नाही. सततच्या रक्तस्रावाने शरीरातले लोह कमी झाले, तरीही बिंबिका वाढतात. शिवाय आकडा ठीक असूनही रोग असू शकतो. म्हणून ‘रक्त चांगले आहे’ एवढ्यावर समाधान मानून पॅप किंवा एचपीव्ही चाचणी टाळू नये, हे आपण घरोघरी सांगायला हवे.