आपल्या मातीचीं झाडें

पावसाळा जवळ आला म्हणजे शाळाशाळांतून रोपें लावण्याची लगबग सुरू होते. १९५० सालीं केंद्रीय मंत्री कन्हय्यालाल मुन्शी यांनीं वनमहोत्सवाची चाल पाडली, तेव्हांपासून हा प्रघात देशभर रूढ आहे. परंतु लावलेल्या रोपांपैकीं जगतात किती? पुढील वैशाखांत त्याच खड्ड्यांत वाळलेली काडी दिसली, म्हणजे आपण उन्हाला दोष देऊन मोकळे होतों. वस्तुतः चूक पुष्कळदां निवडीची असते.

रोहणा व आर्वीकडील मुलूख कापसाच्या काळ्या जमिनीचा. ही माती पावसाळ्यांत फुगते व पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यांत ती आकसून तिला भेगा पडतात. या ओढाताणींत कोंवळ्या मुळ्या तुटतात. हा ताप जीं झाडें पिढ्यान्‌पिढ्या सोशीत आलीं, तींच येथें सहज टिकतात.

म्हणून झाड निवडण्यापूर्वीं जागा पाहावी. शेताच्या धुऱ्यावर बाभूळ उत्तम. तिच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र जमिनीस मिळवून देतात व तिचें चिवट लांकूड वखर-बंडीच्या कामीं येतें. हलक्या बरड जमिनीवर पळस व मोह, नाल्याच्या कांठीं अर्जुन. वड, पिंपळ व उंबर हे असंख्य पांखरांचे अन्नदाते. मात्र भिंत व विहीर यांपासून ते दूर लावावे, कारण त्यांचीं मुळें दगडी बांधकामहि फोडतात.

घराजवळ कडुनिंबासारखा सोबती नाहीं. त्याच्या तेलाच्या बुरशीनाशक गुणावर परदेशीयांनीं युरोपांत एकाधिकारपत्र मिळविलें होतें. हा उपयोग भारतांत आधींपासूनच ठाऊक होता, असें सिद्ध झाल्यावर तें २००० सालीं रद्द झालें, व २००५ सालीं त्यावरील अपीलहि फेटाळलें गेलें.

परकें तेवढें वाईट, असा मात्र समज नसावा. चिंच मूळची आफ्रिकेंतील. शतकानुशतकें येथें नांदून ती आपलीच झाली. गुलमोहर मादागास्कर बेटांतून आला. शोभेस तो चांगला. पण त्याचें लांकूड ठिसूळ असल्यामुळें वादळांत फांद्या मोडतात. मुलें खेळतात त्या पटांगणांत त्याहून कडुनिंबच बरा.

निंबोळीची उगवणशक्ति थोड्याच आठवड्यांत नाहींशी होते. म्हणून ती पिकून पडतांच गोळा करून पेरावी. चिंचोके मात्र पुष्कळ दिवस टिकतात. खड्डा उन्हाळ्यांतच दोन फूट खोल खणून तापूं द्यावा, मृगाचा पाऊस चांगला मुरल्यावर रोप लावावें, भोंवतीं बाभळीच्या काट्यांचें कुंपण करावें व निदान दोन उन्हाळे पाणी घालावें.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या धुऱ्यावर पूर्वीं कोणतीं झाडें होतीं, हें घरांतील वडीलधाऱ्यांस आजच विचारून वहींत लिहून ठेवा. ज्या झाडाचें नांवच आपण विसरलों, तें आपण लावणार तरी कसें?