रेघांचा क्रम : चिनी अक्षरे गिरवताना

धम्माचे अनेक ग्रंथ आपल्या भूमीत नष्ट झाले, आणि त्यांतले कित्येक चिनी भाषांतरात टिकून राहिले. ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाचेच उदाहरण घ्यावे. त्याचा मूळ पाली पाठ लुप्त झाला, परंतु इ. स. ५१५ मध्ये संघपाल या भिक्खूने केलेले चिनी भाषांतर उरले. पुण्याचे प्रा. पु. वि. बापट यांनी त्याची ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना करून आपला अभ्यास १९३७ साली प्रसिद्ध केला. म्हणजे आपलाच वारसा वाचण्यासाठी एका मराठी अभ्यासकाला चिनी अक्षरांच्या दारातून जावे लागले. आमच्या शाळेत शनिवारच्या वंदनेनंतर काही मुले चिनी अक्षरे गिरवू लागली, ती याच ओढीने. आपल्या धम्माचे ग्रंथ किती काळ दुसऱ्यांनी वाचून आपल्याला सांगायचे, हा प्रश्न आम्हाला छळत आला आहे.

पालक विचारतात, अक्षर नीट दिसले म्हणजे झाले. रेघ आधी कोणती आणि नंतर कोणती याचा एवढा आग्रह कशासाठी? प्रश्न रास्त आहे. आपणही पाटीवर आधी अक्षर काढून मग शिरोरेषा देत आलो, पण ती आधी दिल्याने कोणाचे अक्षर चुकीचे ठरले नाही. चिनी लिपीत मात्र क्रमावर बरेच काही अवलंबून असते.

मुख्य नियम थोडेच आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आडवी आणि उभी रेघ एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी. ‘दहा’ हे अधिकचिन्हासारखे अक्षर असेच लिहितात. ‘लहान’ या अक्षरात मधली उभी रेघ आधी येते, मग दोन्ही बाजूंच्या. चारी बाजूंनी बंद असलेल्या अक्षरात चौकट तीन बाजूंनी उभारायची, आतला भाग भरायचा आणि तळाची रेघ सर्वांत शेवटी ओढायची. माणसे घरात आल्यावर मग दार लावावे, तसे हे.

आता ‘तोंड’ हे अक्षर पाहा. तो एक साधा चौकोन आहे. आपली मुले तो चार रेघांनी काढतात. भूमितीच्या वहीत तेच शिकवलेले असते. चिनी हात तो तीनच रेघांत लिहितो : डावी उभी रेघ, मग वरची आडवी आणि उजवी उभी मिळून एकच, कोपऱ्यावर हात न उचलता वळवलेली, शेवटी तळाची. हा फरक क्षुल्लक वाटेल. पण १७१६ साली पूर्ण झालेल्या खांग्शी कोशापासून रूढ झालेल्या पद्धतीत शब्द शोधायचा तो रेघा मोजूनच. अक्षरे २१४ मूळ घटकांखाली लावलेली असतात आणि ते घटक रेघांच्या संख्येनुसार मांडलेले असतात. आमच्या एका विद्यार्थ्याने ‘तोंड’ चार रेघांच्या गटात शोधले. तिथे त्याला हृदय, सूर्य, चंद्र, पाणी, अग्नी सारे भेटले, तोंड काही सापडले नाही! ते तीन रेघांच्या गटात माती, स्त्री आणि मूल यांच्या शेजारी बसलेले असते.

दुसरे कारण हस्तलिखितांचे. भरभर लिहिताना रेघा एकमेकींना जोडल्या जातात, आणि कोणती कोणाला जोडली जाईल हे क्रमावरूनच ठरते. ज्याच्या हाताला क्रम ठाऊक नाही त्याला शेजाऱ्याने घाईत लिहिलेली चिठ्ठीसुद्धा वाचता येत नाही.

‘बुद्ध’ हे अक्षर सात रेघांचे. आधी डावीकडचा ‘माणूस’ : डावीकडे उतरणारी एक तिरकी रेघ आणि तिच्याखाली एक उभी. मग उजवीकडे धनुष्याचा आकार, तीन रेघांत : पहिली आडवी जाऊन खाली वळते, दुसरी मधली आडवी, तिसरी वळणे घेत उतरते आणि आत आकड्यासारखी मुरडते. शेवटी त्या धनुष्यातून खाली येणाऱ्या दोन रेघा. डावी टोकाशी जरा डावीकडे झुकते, उजवी सरळ उतरते. मुले घाईने धनुष्याआधीच या दोन रेघा ओढतात आणि मग त्यांच्याभोवती धनुष्य बसवण्याची कसरत करतात. अक्षर लगेच एका कुशीवर कलते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. क्रम सर्व देशांत एकच नाही. ‘डावा’ आणि ‘उजवा’ या दोन्ही अक्षरांची सुरुवात चीनमध्ये आडव्या रेघेने करतात. जपानमध्ये ‘उजवा’ तिरक्या रेघेने सुरू होतो. म्हणून आम्ही मुलांना एकाच देशाची पद्धत धरायला सांगतो आणि दुसरीला चूक म्हणू नका, असेही सांगतो.

महाराष्ट्राला भेट देऊन गेलेल्या ह्युएन त्संगने पुढे अनेक ग्रंथ चिनीत आणले. त्याच्या नावे असलेले ‘हृदयसूत्र’ अवघ्या २६० अक्षरांचे आहे. यंदा ते पूर्ण उतरवायचे, असे मुलांनी ठरवले. त्याचे पहिलेच अक्षर जुन्या वळणात २५ रेघांचे आहे, आणि या स्मरणिकेचा मजकूर छपाईला जाईपर्यंत मुले त्या अक्षरापाशीच आहेत.