मात्रा जुळेपर्यंत

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, निदान झालेल्या मुलाची गोळी सुरू झाली की घरच्यांना वाटतं, अवघड काम उरकलं. खरं तर ते त्या दिवशी सुरू होतं. गोळीचं नाव चिठ्ठीवर एका ओळीत लिहून होतं. ती किती, कितीदा, किती वाजता द्यायची आणि लागू पडली हे कशावरून म्हणायचं, हे ठरायला पुढचे कित्येक आठवडे लागतात. हेच आठवडे आपल्याकडे वाया जातात आणि त्याची किंमत मूल मोजतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाट्ये गावाचंच बघू. खाडीवरचा पूल ओलांडला की रत्नागिरी शहर. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय 1886 सालचं, राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक. तरीही आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दाखवायचं म्हटलं की पालकांचे पाय आधी खाजगी दवाखान्याकडे वळतात. ‘मनोरुग्णालयात नेलं’ ही बातमी पुलाच्या अलीकडे येईल, याची धास्ती असते. खाजगी डॉक्टरांकडे नंबर लागतो, फी भरली जाते, आणि दहा-पंधरा मिनिटांत डॉक्टरांना मुलाच्या गेल्या महिन्याचा अंदाज बांधावा लागतो. मूल दवाखान्यात बहुधा शहाण्यासारखंच बसतं. नवी जागा, नवा माणूस, टेबलावरच्या नव्या वस्तू यांनी त्याचं लक्ष तेवढ्यापुरतं बांधलेलं असतं. म्हणजे डॉक्टरांना जे बघायला हवं ते त्यांच्या समोर घडतच नाही.

या आजारात सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध मेथिलफेनिडेट. लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने 1944 साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत ते तयार केलं आणि पत्नीच्या ‘रीटा’ या नावावरून पुढे त्याचं नाव रिटालिन पडलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना डोपामीन आणि नॉरअ‍ॅड्रेनलीन ही रसायनं सोडतात आणि काम झालं की परत ओढून घेतात. मेथिलफेनिडेट हे ओढून घेणं अडवतं, त्यामुळे निरोप जरा जास्त वेळ टिकतो. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो आपल्याला एका कामावर धरून ठेवतो आणि नको तिथे हात घालण्यापासून आवरतो, त्याला याचा फायदा होतो. पण त्या भागाचं एक वैशिष्ट्य आहे. ही रसायनं कमी पडली तर तो ढिला पडतो आणि अति झाली तरी बिघडतो. मधला पट्टा अरुंद असतो आणि प्रत्येकाचा वेगळा असतो. वजनावरून तो नेमका सांगता येत नाही. सारख्याच वजनाच्या दोन भावांना वेगवेगळी मात्रा लागू शकते. म्हणून डॉक्टर लहान मात्रेपासून सुरुवात करतात आणि साधारण आठवड्याच्या अंतराने ती थोडी थोडी वाढवत नेतात.

इथे 1977 सालच्या एका प्रयोगाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रॉबर्ट स्प्रेग आणि एस्थर स्लीटर यांनी तो केला आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात तो छापून आला. मुलाला काही चित्रं एकत्र दाखवायची, थोडं थांबायचं, मग एकच चित्र समोर आणायचं. ते मघाच्या चित्रांत होतं की नव्हतं, हे मुलाने बटण दाबून सांगायचं. मुलांना कधी औषध नसलेली गोळी दिली, कधी वजनाच्या दर किलोमागे 0.3 मिलिग्रॅम औषध, तर कधी 1 मिलिग्रॅम. 25 किलोच्या मुलाच्या हिशेबाने साडेसात आणि पंचवीस मिलिग्रॅम. चित्रं ओळखण्यात मुलं सर्वांत सरस ठरली ती लहान मात्रेवर. मोठ्या मात्रेवर त्यांचं काम घसरलं. शिक्षकांनी वर्तनाला दिलेले गुण मात्र मोठ्या मात्रेवर सर्वांत चांगले होते. वर्गात मूल जितकं शांत, तितकं ते सुधारलं, असंच सगळ्यांना दिसत होतं. पुढच्या अभ्यासांत ही तफावत दर वेळी इतकी ठळक आढळली नाही. तरी प्रश्न आजही तोच आहे: मात्रा कोणाच्या समाधानासाठी ठरवायची?

भाट्यातल्या लोकांना हे समजावायला फार लांब जावं लागणार नाही. गावात 1955 पासून नारळ संशोधन केंद्र आहे. झाडाला खत मानवलं का, याचा निकाल झावळ्या किती हिरव्यागार दिसतात यावर लागत नाही, नारळ मोजावे लागतात. मुलाच्या बाबतीतही ‘त्रास देत नाही’ ही झाली झावळ्यांची हिरवाई. त्याने गणितं किती सोडवली, फळ्यावरचं किती उतरवून घेतलं, मैदानात त्याला कोणी खेळायला घेतलं का आणि मुख्य म्हणजे तो पूर्वीसारखा हसतो-बोलतो का, हे बघायला हवं. गोळी सुरू झाल्यापासून मूल गप्प, कोऱ्या चेहऱ्याने बसून असेल तर बहुधा मात्रा जास्त झालेली असते. ते डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळायला हवं.

अमेरिकेत 579 मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले. एमटीए या नावाने तो ओळखला जातो. त्यात एका गटाची मात्रा 28 दिवस रोज बदलून, पालक आणि शिक्षक यांच्या गुणांवरून ठरवली. कोणत्या दिवशी किती औषध दिलंय हे गुण देणाऱ्यांना माहीत नव्हतं. त्यानंतर दर महिन्याला अर्ध्या तासाची भेट आणि शाळेकडून येणारी माहिती. दुसऱ्या एका गटाने आपापल्या गावातल्या डॉक्टरांकडे नेहमीसारखे उपचार घेतले. त्यातल्या दोन तृतीयांश मुलांनाही याच प्रकारची औषधं मिळत होती, पण मात्रा कमी, भेटी विरळ आणि शिक्षकांशी बोलणं जवळपास नाहीच. 14 महिन्यांनी पहिला गट स्पष्टपणे पुढे होता. ती काटेकोर देखरेख संपल्यावर, तीन वर्षांच्या टप्प्याला मात्र, गटांमधला हा फरक उरला नव्हता. त्याची कारणं काय यावर तज्ज्ञांत वाद आहेत. मला त्यातून एवढं दिसतं की एकदा जुळलेली मात्रा आपोआप जुळलेली राहत नाही.

आता कायद्याची बाजू. मेथिलफेनिडेट आपल्याकडे ‘शेड्यूल एक्स’ या कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत मोडतं आणि 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक केमिस्टला दोन वर्षं जपून ठेवावी लागते, साठा कुलपात ठेवावा लागतो आणि विक्रीला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे ते प्रत्येक दुकानात नसतं. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार व्हिडिओ कॉलवर हे औषध लिहून देता येत नाही. पुण्या-मुंबईचे डॉक्टर कितीही चांगले असले तरी या गोळीसाठी समोर जावंच लागतं. कोल्हापूर धरलं तरी आंबा घाट चढून सव्वाशे किलोमीटरच्या वर. रोजंदारी बुडवून, एसटीचं भाडं भरून गाठलेली ती पंधरा मिनिटं म्हणून मोलाची. पालकांनी रिकाम्या हाताने जाऊ नये असं मी कळकळीने सांगेन.

न्यायचं काय? वहीचं एक पान. रोज गोळी किती वाजता दिली, सकाळी काय खाल्लं, डबा किती संपला, झोप किती वाजता लागली, डोकं किंवा पोट दुखलं का. सोबत बाईंच्या किंवा सरांच्या हातच्या दोन ओळी, त्याही सकाळच्या तासांबद्दल एक आणि दुपारच्या तासांबद्दल एक, अशा वेगळ्या. हे वेगळं का हवं ते सांगतो. साध्या गोळीचा असर तीन-चार तास टिकतो. साडेनऊला घेतलेली गोळी दीडच्या सुमाराला ओसरते. मधल्या सुट्टीनंतर मूल पुन्हा उधळलं की शाळेतून निरोप येतो, ‘गोळी लागू पडत नाही.’ तेवढ्यावरून डॉक्टरांनी सकाळची मात्रा वाढवली, तर मूल सकाळी सुन्न आणि दुपारी तसंच. तिथे दुपारची छोटी गोळी किंवा दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी हे उत्तर असतं. कागदावर वेळ लिहिलेली असेल तर हे डॉक्टरांना एका नजरेत कळतं.

भूक मंदावणं हा सर्वांत नेहमीचा त्रास. गोळीआधी घावणे, आंबोळी किंवा मऊ भात तूप-मेतकूट घालून पोटभर द्यावा, दुपारचा डबा अर्धा परत आला तर रागावू नये, रात्री भूक परत येते तेव्हा नीट जेवू घालावं. वजन, उंची, नाडी, रक्तदाब या चार गोष्टी डॉक्टरांनी ठरावीक अंतराने मोजायलाच हव्यात. न मोजल्यास पालकांनी आठवण करून द्यावी, त्यात संकोच कसला? घरात कोणाला हृदयविकार असेल, कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावं.

मेथिलफेनिडेट मानवत नसेल तर अ‍ॅटोमॉक्सेटीन आहे. ते ‘शेड्यूल एक्स’मध्ये नाही, पण त्याचा असर दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून ते सोडून देणं म्हणजे औषधाला संधीच न देणं. शिवाय काहींच्या यकृतात ते फार सावकाश मोडतं, त्यांना तीच मात्रा जड जाते. हे औषध घेताना मूल फार उदास वाटलं किंवा स्वतःला इजा करण्याचं बोललं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठावं.

वर्षातून एकदा, औषधाची गरज अजून आहे का, हेही तपासायचं असतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मात्रा काही दिवस कमी करून किंवा थांबवून बघतात. कोकणात त्यासाठी गणपतीचे दिवस निवडू नयेत. घर चाकरमान्यांनी भरलेलं, जागरणं, आरत्या, खाण्याच्या वेळा पार बदललेल्या. त्या आठवड्यात एडीएचडी नसलेलं मूलही थाऱ्यावर नसतं. मे महिन्याची सुट्टीही उपयोगाची नाही, कारण शाळाच नसते. दिवाळीनंतर शाळा रुळली की नोव्हेंबर-डिसेंबरातले दोन साधे आठवडे धरावेत, आणि वर्गशिक्षकांना आधी सांगून ठेवावं.