लुटेशियम-१७७ची जटिल संयुगे

लुटेशियम-१७७ या किरणोत्सारी समस्थानिकाची जटिल संयुगे कर्करोगाच्या उपचारात औषध म्हणून वापरली जातात. मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात मीरा वेंकटेश, एम. आर. ए. पिल्लई, शर्मिला बॅनर्जी, तपस दास, सुदीप्त चक्रवर्ती आदी रसायनशास्त्रज्ञांनी या संयुगांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे.

मूलद्रव्य

लुटेशियम (अणुक्रमांक ७१) हे लँथॅनाइड श्रेणीतील शेवटचे मूलद्रव्य होय. १९०७ मध्ये त्याचा शोध लावणाऱ्यांपैकी झॉर्झ उर्बँ यांनी पॅरिसच्या प्राचीन नावावरून त्याचे नामकरण केले. काही रसायनशास्त्रज्ञ त्याची गणना तिसऱ्या गटातील संक्रमणी धातूंत करतात. हा वाद कोष्टकाच्या मांडणीपुरताच आहे. औषधनिर्मितीत महत्त्व आहे ते त्याच्या तीन धनभार असलेल्या आयनाला. लुटेशियम-१७७चा क्षय झाल्यावर मात्र हाफ्नियम-१७७ हा स्थिर व निःसंशय संक्रमणी धातूच उरतो.

लिगंडाचे कार्य

लुटेशियमचा मोकळा आयन रक्तात गेल्यास बव्हंशी हाडांत साठतो. म्हणून धातूला चारी बाजूंनी धरून ठेवणारा व इच्छित स्थळी नेणारा लिगंड निवडणे हे या संशोधनाचे मर्म आहे. धातू तोच राहतो. लिगंड बदलला की औषधाचे लक्ष्य बदलते.

डोटा या लिगंडात बारा अणूंचे वलय असून त्यात चार नायट्रोजन असतात. वलयाला जोडलेल्या ॲसिटेट भुजा धातूला पिंजऱ्यासारख्या वेढतात. हा पिंजरा बंद होण्यास वेळ लागतो, त्यामुळे मिश्रण सौम्य आम्लधर्मी ठेवून तापवावे लागते. पण एकदा बंद झाला की तो शरीरात सहसा उघडत नाही. डोटाला ऑक्ट्रिओटेट हे पेप्टाइड जोडले असता संयुग चेता-अंतःस्रावी अर्बुदांवरील सोमॅटोस्टॅटिन ग्राहींना चिकटते. अशा औषधाला युरोपात २०१७ मध्ये व अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

ईडीटीएमपी या लिगंडात चार फॉस्फोनेट गट असतात. ते हाडातील कॅल्शियमयुक्त खनिजाला बिलगतात. हे संयुग साध्या तापमानात तयार होते, परंतु ते टिकून राहण्यासाठी लिगंड विपुल प्रमाणात घ्यावा लागतो. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या असह्य वेदना शमवणे हा त्याचा हेतू आहे. रोग बरा करण्याचा दावा त्यामागे नाही, ही बाब सामान्य वाचकाने ध्यानी ठेवणे आवश्यक आहे.

अर्धायुष्य आणि अंतर

वेदनाशमनासाठी पूर्वीपासून समॅरियम-१५३ या दुसऱ्या लँथॅनाइडाचे ईडीटीएमपी संयुग प्रचलित होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४६ तासांचे, तर लुटेशियम-१७७चे ६.६५ दिवसांचे आहे. अणुभट्टीतून निघालेले द्रव्य रुग्णापर्यंत पोहोचण्यास चार दिवस लागले, तर समॅरियमचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो, लुटेशियमचा मात्र सुमारे दोन तृतीयांश. अणुभट्टीपासून दूर असलेल्या रुग्णालयांच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो. ट्रॉम्बे येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात लुटेशियम-ईडीटीएमपीची व्यवहार्यता मांडली होती.

लुटेशियमचे बीटा कण ऊतकात फार तर दोन मिलिमीटर जातात, त्यामुळे शेजारच्या निरोगी पेशींना, विशेषतः अस्थिमज्जेला, होणारी इजा मर्यादित राहते. सोबतच्या २०८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा किरणांमुळे औषध कोठे पोहोचले याचे चित्रही घेता येते. टेक्नेशियम-९९एम या संक्रमणी धातूची संयुगे (अर्धायुष्य सहा तास) चित्रणासाठी उत्तम असली तरी उपचारास उपयोगी नाहीत. रुग्णाच्या हाडांतील रोगग्रस्त जागा आधी त्यांच्याच साहाय्याने पाहिल्या जातात.

निर्मिती

निसर्गातील लुटेशियममध्ये १७६ वस्तुमानांकाचा समस्थानिक जेमतेम २.६ टक्के असतो. त्याचे प्रमाण वाढवलेले द्रव्य ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत (१९८५ पासून क्रियाशील) न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवले जाते. हा समस्थानिक न्यूट्रॉन सहज शोषतो, त्यामुळे ही पद्धत सोपी व तुलनेने स्वस्त आहे. मात्र तीत १६० दिवस अर्धायुष्य असलेला लुटेशियम-१७७एम अल्प प्रमाणात तयार होतो आणि रुग्णालयातील कचऱ्याची विल्हेवाट लावताना त्याचा विचार करावा लागतो. इटर्बियम-१७६पासून निर्मिती केल्यास तो टळतो. परंतु मग शेजारच्या दोन लँथॅनाइडांना एकमेकांपासून वेगळे करावे लागते, आणि दोघांच्या आयनांचा भार समान व आकार जवळजवळ सारखा असल्याने ते काम अत्यंत कष्टाचे असते.