गाडी बदलण्याची जागा

मराठवाड्यातल्या माणसाला 'लेओव्हर' हा शब्द नवा असेल, पण अनुभव नवा नाही. विमान बदलण्यासाठी परक्या शहरात काढावे लागणारे पाच-सात तास म्हणजे लेओव्हर. आमच्या तीन-चार पिढ्यांनी हे तास मनमाडला काढले. त्याला आम्ही 'गाडी बदलणे' म्हणत असू, एवढाच फरक.

याचे कारण रुळांच्या अंतरात आहे. मुंबईहून मनमाडमार्गे जाणारी 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला'ची वाट रुंदमापी होती. दोन रुळांत 1676 मिलिमीटर अंतर. निजामाच्या राज्यात 1900च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे आली, ती मात्र मीटरमापी, म्हणजे 1000 मिलिमीटरची. अरुंद रुळांना खर्च कमी येतो, हा त्यामागचा हिशेब. एका मापाचा डबा दुसऱ्या मापावर चालत नाही. त्यामुळे माणूस असो की कापसाची गाठ, मनमाडला उतरणे भाग होते. डब्यातून डब्यात माल वाहण्यावर तिथल्या हमालांच्या पिढ्या जगल्या. रेल्वेचा कारखानाही तिथेच. फेब्रुवारी 1938 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली तीही मनमाडलाच. गाड्या जिथे थांबतात तिथे माणसे जमतात, आणि माणसे जमली की विचारही उतरतो.

पण थांबण्याची सोय ही रेल्वेने आणलेली गोष्ट नव्हे. आमच्या जालन्यात जमशेदखानाने बांधलेली काळी मशीद आहे. तिच्या जोडीला हमाम आणि सराई होती. मोती तलावही त्याचाच. तिथले पाणी जमिनीखालच्या नळांनी गावात खेळवलेले होते. हे तिन्ही एकत्र ठेवून पाहिले की प्रवाशाच्या गरजांची यादीच तयार होते : पाठ टेकायला जागा, अंग धुवायला पाणी, प्रार्थनेला कोपरा. मोठ्या विमानतळांवर आज विश्रांतीची खोली, स्नानगृह आणि प्रार्थनाकक्ष असतो. यादी तीच आहे. सराईची एक रीतही तशीच टिकली आहे. रात्री दरवाजा बंद झाला की आतला माल सुरक्षित आणि आतला माणूस आतच. विमानतळावर तपासणीच्या अलीकडचे आणि पलीकडचे जग वेगळे असते, ते याच न्यायाने.

म्हणून मधल्या वेळेचा पहिला प्रश्न 'काय पाहावे' हा नसून 'दरवाजाबाहेर पडता येईल का' हा असतो. देशातल्या देशात विमान बदलताना अडचण नाही. परदेशात मात्र मधल्या देशाचा व्हिसा लागू शकतो. सिंगापूरचेच पाहा. भारतीय पासपोर्टवर तिथे व्हिसा लागतो. पण ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन अशा काही देशांचा चालू व्हिसा आणि पुढचे तिकीट जवळ असेल, तर 96 तासांपर्यंत विनाव्हिसा थांबण्याची सवलत मिळू शकते. असे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढतानाच ते पाहून घ्यावेत.

दुसरा प्रश्न सामानाचा. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर बॅगा बहुधा परस्पर पुढे जातात. तिकिटे वेगळी असतील तर त्या आपल्यालाच घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, आणि तास-दीड तास तिथेच जातो.

तिसरा प्रश्न वेळेचा; आणि इथे मी अधिकाराने बोलू शकतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे.

1988 साली, अठराव्या वर्षी, मुंबईला नोकरीच्या मुलाखतीसाठी निघालो होतो. जालना ते मनमाड सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. मनमाडला पाच तासांचा अवधी होता. फलाटावरून हडबीची शेंडी दिसत होती आणि अंकाई-टंकाईचे किल्ले जवळच आहेत हे ऐकून होतो. येवल्याकडे जाणाऱ्या एसटीत बसलो. टंकाईच्या अंगाची जैन लेणी पाहिली, अंकाईवर अगस्तींच्या स्थानापर्यंत चढलो. खांबांवरचे कोरीवकाम पाहताना वेळेचे भान सुटले. परतीची एसटी किती वाजता, हे मी उतरताना विचारलेच नव्हते. मनमाडला पोहोचलो तेव्हा मुंबईची गाडी गेली होती. सकाळची मुलाखतही गेली.

घरी आल्यावर अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. माझ्या पाठच्या दोन बहिणींची लग्ने त्या नोकरीवर अवलंबून होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. रात्री जेवताना त्यांनी एवढेच विचारले, "वर पाणी होतं का रे?" मी होते म्हणालो. मग मी आडत दुकानात हिशेब लिहायला लागलो आणि रविवारी लेणी, बारवा, शिलालेख पाहत फिरू लागलो. आज मला कुणी संशोधक म्हणते त्याची सुरुवात त्या चुकलेल्या गाडीत आहे. पण त्यामुळे ती चूक बरोबर ठरत नाही. थोरल्या बहिणीचे लग्न तीन वर्षे लांबले.

तेव्हापासून मी हिशेब उलटा करतो. आधी परतीची वेळ ठरवतो. गेल्या वर्षी लेकीकडे ऑस्ट्रेलियाला जाताना सिंगापूरला नऊ तास होते. उतरणे आणि पासपोर्टची रांग यांना एक तास, परतून तपासणीला अडीच तास, गावात जाण्यायेण्याला दीड तास. उरले चार तास. नऊचे चार झाले, की मोह आपोआप आवरतो. यादीतली दहा ठिकाणे सोडून मी एकच निवडले : भारतीय वस्तीतला सेरंगून रोड. तिथले देऊळ पाहिले, केळीच्या पानावर जेवलो, परतलो. उरलेल्या वेळात विमानतळालगतच्या 'ज्युएल'मधला 40 मीटरचा धबधबा पाहिला. बाहेर पडता आले नसते, तर बसल्या जागी माणसे पाहिली असती. फलाटावर आम्ही तेच करत होतो.

1990च्या दशकात आमचा मार्ग रुंदमापी झाला. आता जालन्याची गाडी थेट मुंबईला जाते आणि मनमाडला काही मिनिटेच थांबते. नव्या पिढीला तिथे उतरावे लागत नाही, हे चांगलेच झाले. मी मात्र अजून खिडकीतून शेंडी शोधतो, आणि घड्याळही पाहतो.