प्रवाळप्रेमींचा स्नेहमेळावा

न्यू जर्सीतील आम्हां प्रवाळप्रेमींच्या स्नेहमेळाव्यात फराळाच्या मेजाशेजारी जो प्रवाळखंडांचा विनिमय चालतो, तोच माझ्या मते खरा सोहळा होय. कारण घरच्या टाकीत, पस्तीस सहस्रांश क्षारतेच्या पाण्यात पोसलेल्या प्रवाळाची बोटभर फांदी कापून ती सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाच्या थेंबाने सिरॅमिकच्या लहानशा बैठकीवर चिकटविली, की कालांतराने तिची सजीव त्वचा त्या बैठकीवर पसरते आणि समुद्रातील एकही खडक न फोडता नवी वसाहत सिद्ध होते. झोआंथिड वर्गातील काही जीवांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते, सबब ते कापताना हातमोजे व संरक्षक चष्मा वापरण्यात कसूर नसावी. भारतातील वाचकांनी मात्र ध्यानी घ्यावे, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये तेथील दगडी प्रवाळ संरक्षित असून ते समुद्रातून काढणे हा गुन्हा आहे.