सोळा कोटींच्या सुईत असतं काय?

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी झालेलं तान्हं बाळ आडवं निजवलं, की त्याचे पाय बेडकासारखे फाकून गादीवर पडून राहतात. चेहरा मात्र हसरा, डोळे चौकस. दुखणं स्नायूंचं दिसतं, पण मूळ मज्जारज्जूत असतं. तिथल्या चेतापेशींना एक प्रथिन लागतं. ते बनवणारा एसएमएन-१ हा जनुकच बिघडलेला असतो. आई-बाबा दोघंही ठणठणीत, पण दोघांकडेही त्याची एकेक बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका.

झोल्जेन्स्मा या औषधात एएव्ही-९ नावाच्या विषाणूचं नुसतं टरफल वापरतात. आतला ऐवज काढून त्या जागी चांगला जनुक भरतात. शिरेतून तासाभरात औषध आत जातं. अमेरिकेत 2019 मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली. किंमत 21 लाख डॉलरच्या वर. 2021 मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी वर्गणीतून पैसे उभे केले, केंद्राने सुमारे सहा कोटींचा कर माफ केला, तेव्हा हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं.

‘चमत्कार’ हा वर्तमानपत्री शब्द मला खटकतो. मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, म्हणून जितक्या लवकर तितकं बरं. यकृतावर ताण येतो. महिनाभर तरी स्टिरॉइड द्यावं लागतं, रक्त तपासत राहावं लागतं. आणि डोस एकदाच. शरीर त्या टरफलाला ओळखून बसतं, दुसऱ्यांदा दारात उभं करत नाही.